ऑर्किडच्या टांगत्या टोपल्या: कोल्हापूरच्या पावसात टिकणाऱ्या आणि कुजणाऱ्या

कोल्हापुरात ऑर्किड सुकतं उन्हाळ्यात, पण मरतं पावसाळ्यात. एप्रिलमध्ये पानं सुरकुतलेलं व्हँडा बादलीभर पाण्यानं दोन-तीन आठवड्यांत सावरतं. जुलैत शेंडा काळा पडलेलं झाड चार दिवसांत हातचं जातं. म्हणून टांगत्या टोपलीची परीक्षा एकाच प्रश्नावर घ्यायची: आषाढात आठ-आठ दिवस झड लागली की हिच्यातली मुळं कोरडी कधी होणार? बाजारातल्या बऱ्याच टोपल्या मात्र उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून भरलेल्या येतात. तळाला काथ्या, वर मॉस म्हणजे वाळकं शेवाळ, मध्ये झाड. ‘पाणी छान धरून ठेवते’ असं विक्रेता कौतुकानं सांगतो. इथल्या हवेत तीच तक्रार समजावी.

शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. गगनबावडा, राधानगरी, आंबा या पट्ट्यात तो कितीतरी पट जास्त. उलट मार्च ते मे दुपारची हवा कोरडी ठणठणीत, पारा 36-38 अंशांपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत रात्री 14-15 अंश. कोरड्या दिवसांत पाणी आपल्या हातानं वाढवता येतं. पावसाळ्यात टोपलीतली हवा हातानं वाढवता येत नाही. तेव्हा टोपली पावसाळ्यासाठी घ्यायची आणि उन्हाळा पाण्यावर काढायचा. पुढचे सगळे निकाल याच हिशेबानं दिले आहेत.

एवढी काटेकोर निवड का, ते मुळाकडे पाहिल्यावर कळतं. व्हँडा, ऱ्हिंकोस्टायलिस, एरिडिस, फॅलेनॉप्सिस ही झाडं मुळात दुसऱ्या झाडाच्या सालीवर राहणारी. त्यांच्या मुळांवर वेलामेन नावाचा स्पंजासारखा थर असतो. कोरडा असताना तो रुपेरी-पांढरा दिसतो, पाणी लागलं की मिनिटभरात खालचा हिरवा रंग वर येतो. हा स्पंज पाणी झटकन पितो, पण भरलेला असेपर्यंत मुळाला हवा कमी मिळते. दिवसातून एकदा-दोनदा भिजून संध्याकाळपर्यंत वाळलेलं मूळ सुखी. दोन-तीन दिवस ओलंच राहिलेलं मूळ तपकिरी होतं, दाबलं की सालटं निघून आत नुसता दोरा उरतो.

सागवानी पट्ट्यांची टोपली

व्हँडा आणि तिच्या कुळातल्या झाडांसाठी हिला तोड नाही. आडव्या-उभ्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, चार कोपऱ्यांतून तार ओवलेली, तळ मोकळा. मुळं फटींतून बाहेर पडतात, लाकडाला चिकटतात आणि हवेत लोंबतात. लाकूड स्वतः थोडंसं पाणी पितं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे चिकटलेल्या मुळाला उन्हाळ्यातही जरा ओल मिळते. प्लास्टिक हे काम करत नाही.

मात्र ‘सागवानी’ या नावाखाली जे विकलं जातं त्यात तीन प्रकार आहेत. पहिला, सागाच्या गाभ्याचं तेलकट, गडद लाकूड. हे पाच-सात पावसाळे सहज काढतं. दुसरा, सागाचंच पण सालीजवळचं पांढरट लाकूड. नाव साग असलं तरी ते दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात भुसभुशीत होतं. तिसरा, पॅकिंगच्या खोक्याचं पाइन लाकूड तपकिरी रंगवून विकलेलं. हे एकच पावसाळा. ओळखायला सोपं आहे. पट्टीच्या कापलेल्या टोकाला नख दाबा, नख रुतलं तर ठेवून द्या. टोकावरचा रंग आणि बाजूचा रंग वेगळा असेल तर वरून रंग लावला आहे. वास घ्या, सागाला चामड्यासारखा कोरडा वास असतो, व्हार्निशचा येत असेल तर मुळं त्या लाकडाला धरणार नाहीत. वाळवी लागू नये म्हणून हिरवट द्रावणात बुडवलेलं लाकूड तर अजिबात नको. त्या द्रावणात बहुधा तांबं असतं आणि ऑर्किडच्या मुळांच्या टोकांना तांबं जाळतं. पितळी खिळ्यांना नाही म्हणायचं ते याच कारणानं.

तारेकडे बहुतेक गिऱ्हाइकं पाहतच नाहीत, आणि टोपली पडते ती तारेमुळेच. स्टेपलर पिना मारून जोडलेली टोपली घेऊ नये. पिना गंजतात आणि तिसऱ्या महिन्यात तळ सुटतो. जीआय तार दोन वर्षं दिसायला ठीक असते, पण तिच्या जस्ताच्या लेपावरून पाणी ठिबकत राहिलं तर त्याखालच्या मुळांची टोकं खुरटतात. 304 ग्रेडची 2 मिलिमीटर स्टेनलेस तार सगळ्यांत बरी. इथे समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे याहून महागाच्या ग्रेडची गरज नाही.

विकतच्या टोपलीत ही तार क्वचित मिळते. म्हणून बनवून घेणं जास्त परवडतं, आणि कोल्हापुरात ते सोपं आहे. जुने वाडे पाडल्यावर निघालेल्या चौकटी आणि दारं जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. त्यातला साग पिकलेला, गाभ्याचा असतो. वरचा जुना तेलरंग पूर्ण रंधून काढायला सांगा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. 6 इंची टोपलीचा हिशेब असा: 12 बाय 12 मिलिमीटर जाडीच्या, 15 सेंटिमीटर लांबीच्या 18 पट्ट्या. दोन-दोन पट्ट्यांचे आठ थर, एक आडवा एक उभा, म्हणजे 16. सगळ्यांत खालच्या थरात आणखी दोन. मिळून 2.7 मीटर पट्टी. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांपासून 12 मिलिमीटर आत 3 मिलिमीटरचं भोक. आठ थरांची उंची साडेनऊ सेंटिमीटरच्या वर भरते, दोन पट्ट्यांमधली फट आपोआप 12 मिलिमीटरची राहते, तळात 3 सेंटिमीटरच्या तीन फटी मिळतात. तळाच्या दोन जादा पट्ट्या वरच्या थराला स्टेनलेस स्क्रूनं धरायच्या. तार प्रत्येक कोपऱ्याला 60 सेंटिमीटर, एकूण 2.4 मीटर: 10 सेंटिमीटर लाकडातून, 5 खालच्या वळणाला, 45 वर आकड्यापर्यंत. उद्यमनगरात तार वाकवून, तोंड बंद केलेले आकडे करून देणारे कारागीर ढिगानं आहेत. नमुना एक न्यायचा आणि आकडे डझनावारी करून घ्यायचे. एक-दोन नगांसाठी मशीन थांबवायला कुणी बसलेलं नाही.

पॉलिश करू नका. जवसाचं तेलही नको. कोरं लाकूड दोन दिवस पाण्यात बुडवून, पाणी बदलून, वाळवून वापरायला घ्या. पहिलं पाणी चहासारखं तांबूस होतं, ते फेकायचं.

प्लास्टिकची जाळीदार टोपली

किमतीत सागवानीच्या पासंगालाही पुरत नाही, हवा उत्तम खेळते, धुता येते, कुजत नाही. मग दोष कुठे? उन्हात. अतिनील किरणांपासून संरक्षण नसलेलं प्लास्टिक गच्चीवर दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतं आणि तिसऱ्या वर्षी आकड्याचा कान तुटून झाड खाली येतं. टोपलीबरोबर मिळणारा प्लास्टिकचा आकडा पहिल्याच दिवशी काढून टाका आणि कडेच्या जाळीत तीन किंवा चार ठिकाणी तार ओवा. काठाच्या नाही, काठाखालच्या दुसऱ्या रांगेच्या भोकांतून. काठ आधी चिरतो.

काळ्या रंगाची टोपली पश्चिमेच्या उन्हात तापते आणि जाळीला टेकलेली मुळांची टोकं भाजतात. सावलीत हा प्रश्न येत नाही. लहान रोपं, 4 इंची माप, घरातलं फॅलेनॉप्सिस, पूर्वेची गॅलरी: इथे प्लास्टिक पुरेसं आहे आणि सागवानीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. फॅलेनॉप्सिसला जाळीच्या टोपलीचा एक जादा फायदा मिळतो. झाड सरळ न बसवता काठाकडे तिरपं बसवता येतं. निसर्गात ते असंच झुकलेलं वाढतं. शेंड्यात पाणी साचत नाही आणि शेंडाकुजीचं निम्मं कारण तिथेच मिटतं.

भोकांची मातीची कुंडी

डेंड्रोबियम या कांड्यांच्या ऑर्किडसाठी पहिली पसंती हीच. ‘सोनिया’सारख्या उंच कांड्यांच्या जाती टोपलीत डोकं जड होऊन कलतात, मातीचं वजन त्यांना सरळ ठेवतं. माती पाझरते, बाष्पीभवनानं मुळांजवळ गारवा राहतो, आणि एप्रिलच्या दुपारी हा गारवा सावलीच्या जाळीइतकाच मोलाचा ठरतो.

नर्सरीतल्या बऱ्याच कुंड्यांना भोकं असतात ती शोभेपुरती: वर चार आणि तळाला एक, तेही करंगळी जाईल न जाईल असं. 6 इंची कुंडीला बाजूनं दोन रांगांत किमान 12 भोकं हवीत, प्रत्येक दीड-दोन सेंटिमीटरचं, आणि तळाला अडीच-तीन सेंटिमीटरचं एक. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा ओळखीच्या कुंभाराकडे कच्च्या कुंडीला अशी भोकं पाडून घेता येतात. गणपतीचे महिने सोडून जा, त्या दिवसांत कुंड्यांसाठी कुणाला उसंत नसते. भाजलेली कुंडी टिचकी मारून वाजवून घ्यायची. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर भाजणी कच्ची आहे किंवा बारीक चीर आहे, आणि टांगल्यावर ती तारेच्या जागी फुटेल.

दोष दोन. भरलेली, भिजलेली 6 इंची कुंडी दोन-अडीच किलोपर्यंत जाते, त्यामुळे फॉल्स सीलिंगच्या पट्टीला किंवा कपडे वाळवायच्या दोरीला ती टांगायची नाही. दुसरा, बोअरचं जड पाणी वापरलं तर बाहेरून पांढरा क्षार फुटतो आणि कुंडीला चिकटलेली मुळं त्या क्षारानं जळतात. थर दिसू लागला की कुंडी साध्या पाण्यात रात्रभर बुडवायची. तरी सुटला नाही तर पुढच्या वेळी कुंडीच बदलायची.

बांबूची, तारेची आणि ‘स्वतः पाणी घेणारी’

बुरूड गल्लीतून विणून आणलेली बांबूची टोपली दिसायला सगळ्यांत देखणी. पण विण घट्ट असते आणि पावसाळ्यानंतर बांबूतून भुसा पडायला लागतो. दोन बोटं जातील एवढ्या फटी ठेवून विणायला सांगितली तर एका हंगामाच्या प्रदर्शनाला, लग्नाच्या सजावटीला उत्तम. झाड कायमचं त्यात लावू नये.

तारेचा सांगाडा आणि आत काथ्याची जाड वाटी ही पेट्युनियाची टोपली आहे, ऑर्किडची नाही. बाहेरून काथ्या कोरडा दिसतो, म्हणून माणूस पाणी घालतो; आत मध्यभागी तो आठवडाभर ओला असतो. त्यात मुंग्या घर करतात आणि पिठ्या ढेकूण आणून ठेवतात. अपवाद एकच, स्टॅनहोपिया. या दक्षिण-मध्य अमेरिकेच्या ऑर्किडचा फुलांचा दांडा सरळ खाली, आत भरलेला माल भेदून तळातून बाहेर येतो. कुंडीत लावलं तर कळ्या आतच कुजतात. त्याला तारेची टोपली, तळाला काथ्याचा अगदी विरळ पदर, एवढंच लागतं. कोल्हापुरात हे झाड क्वचितच दिसतं, पण ज्याच्याकडे आहे त्यानं हे वाचून तरी कुंडी बदलावी.

खाली पाण्याची टाकी असलेली चकचकीत टांगती कुंडी हल्ली मनी प्लांटबरोबर सगळीकडे दिसते. ऑर्किडसाठी तिचा विचारही नको.

आत काय भरायचं

मोठ्या व्हँडाला काही नाही. रिकामी टोपली. हे ऐकून नवखा माणूस बिचकतो, आणि मग हळूच मूठभर काथ्या कोंबतो. न कोंबता राहवत नसेल तर लोणारी कोळशाचे 3-4 सेंटिमीटरचे पाच-सहा तुकडे टाका, त्यांनी निदान नुकसान होत नाही. कोळसा हॉटेलांना माल देणाऱ्या वखारीतून घ्यायचा. धुऊन, काळं पाणी जाईपर्यंत. शेगडीसाठी दाबून बनवलेल्या एकसारख्या गोळ्या चालत नाहीत, पाण्यात त्यांचा चिखल होतो.

डेंड्रोबियमला कोळसा आणि विटेचे तुकडे समसमान, आकार 2 ते 3 सेंटिमीटर. वीट पक्की भाजलेली हवी. तळाचा एक तृतीयांश भाग थर्माकोलच्या तुकड्यांनी भरला तर वजनही कमी होतं. फॅलेनॉप्सिसला कोळसा दोन भाग आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे एक भाग. सोडण वाळलेल्या नारळाचं घ्यायचं. शहाळ्याच्या गाड्यावर फुकट मिळणारं हिरवं, ओलं सोडण आणून घातलं तर चार दिवसांत बुरशीचा पांढरा कापूस चढतो. वाळक्या सोडणातही क्षार असतात. तीन दिवस भिजवायचं, रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकलं तर चिकटून बसलेले सोडियम-पोटॅशियम लवकर सुटतात. एवढं करूनही सोडण दोन पावसाळ्यांनंतर काळं, मऊ पडतंच. तेव्हा ते बदलायचं.

स्फॅग्नम मॉस इथे फक्त लहान पिल्लांसाठी आणि तेही ऑक्टोबर ते मे. जूनच्या पहिल्या सरीआधी काढून टाकायचं.

लावायची पद्धत

ऑनलाइन मागवलेलं व्हँडा बहुतेक वेळा उघड्या मुळांनी, कागदात गुंडाळून येतं. मुळं कडक, ठिसूळ असतात. तशीच टोपलीत कोंबली तर काडीसारखी मोडतात. 20 मिनिटं पाण्यात ठेवा. हिरवी, लवचिक झाली की एकेक मूळ तळाच्या फटीतून खाली सोडा. जी वाकत नाहीत ती बाहेरच लोंबू द्या. खोडाचा सगळ्यांत खालचा भाग टोपलीच्या मधल्या थराच्या उंचीला आला पाहिजे, त्याहून खाली नको. मग खोड दोन बाजूंनी सुतळीनं पट्ट्यांना बांधा. नायलॉनपेक्षा सुतळी बरी. नायलॉन खोडात रुततो, सुतळी तीन-चार महिन्यांत कुजून गळते आणि तोवर नवी मुळं लाकडाला धरलेली असतात. झाड हलता कामा नये. वाऱ्यानं खोड डुगडुगत राहिलं तर नव्या मुळांची हिरवी टोकं घासून मरतात, आणि वर्षभर ‘मुळंच येत नाहीत’ ही तक्रार सुरू राहते.

माप मोठं घ्यायचा मोह टाळा. 20-25 सेंटिमीटर पानांच्या रोपाला 4 इंची, फुलावर आलेल्या झाडाला 6 इंची, बुडातून दोन-तीन फुटवे फुटलेल्या झुडपाला 8 इंची.

टांगायचं कुठे

पूर्वेची गॅलरी सगळ्यांत सोपी. सकाळी नऊ-दहापर्यंतचं थेट ऊन व्हँडाला चालतं. पश्चिमेला मार्चनंतर 50 टक्क्यांची शेडनेट लागते आणि पावसाळ्यात त्याच बाजूनं आडवा पाऊस आत येतो, म्हणून पश्चिमेची गॅलरी शेवटचा पर्याय. फॅलेनॉप्सिसला 75 टक्क्यांची जाळी किंवा घरातली खिडकी. पानांचा रंग पाहून उजेड जोखता येतो. व्हँडाचं पान पोपटी हवं. गडद हिरवं, मऊ, लांब लोंबणारं पान म्हणजे उजेड कमी, फूल येणार नाही. लालसर ठिपके म्हणजे मर्यादा गाठली. पांढरा, कागदासारखा डाग म्हणजे भाजलं, तो भरून येत नाही.

पत्र्याखाली टांगत असाल तर पत्रा आणि झाडाचा शेंडा यांत किमान दोन फूट अंतर ठेवा. मे महिन्यात पत्र्याची धग वरून उतरते. दोन टोपल्यांत 25-30 सेंटिमीटर अंतर. एका खाली एक अशी माळ करू नये. फोटोत ती फार छान दिसते, पण वरच्या झाडाची कूज ठिबकत खालच्या तिघांना देऊन जाते.

पाणी, खत आणि कूज

मार्च ते मे रिकाम्या टोपलीतल्या व्हँडाला सकाळी सातला आणि दुपारी चारच्या सुमाराला, दोनदा. पाण्याचा फवारा उडवून पुढे जायचं नाही, सगळी मुळं हिरवी होईपर्यंत थांबायचं. ज्याला दोन वेळा जमत नाही त्यानं रिकाम्या टोपलीच्या फंदात पडू नये. कोळसा भरलेली मातीची कुंडी आणि डेंड्रोबियम घ्यावं, ते एका पाण्यावर भागवतं. आठवड्यातून दोनदा व्हँडाची मुळं 15 मिनिटं बादलीत बुडवली तर उन्हाळा आरामात निघतो. एकाच बादलीत ओळीनं दहा झाडं मात्र बुडवू नयेत. एकाची बुरशी नऊ जणांना मिळते.

पावसाळ्यात छपराखाली असलेल्या झाडांची मुळं पांढरी दिसली तरच पाणी, तेही सकाळी. उघड्या गच्चीवर असतील तर वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा आणि बाजू मोकळ्या. हिवाळ्यात ऊन चढल्यावर, दहा-अकराला, एकदा. रात्री 15 अंशांखाली गेल्यावर वाढ मंदावते, तेव्हा खतही पंधरा दिवसांनी.

ऑर्किडचं खास म्हणून छोट्या बाटलीत मिळणारं खत इथे घ्यायची गरज नाही. उसाच्या ठिबकसाठी कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळणारं ‘एकोणीस एकोणीस’ चालतं: लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. शेतकऱ्याच्या मापानं पाच ग्रॅम घातलं तर मुळांची टोकं काळी पडतात. एवढ्या पातळ खताआधी साधं पाणी घालायची जुनी रीत सोडून द्या. स्पंज आधीच भरला तर खत शिरणार कुठून? या खतात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यातही ते नसतं. म्हणून दर चौथ्या आठवड्याला 19:19:19 ऐवजी कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम, आणि वेगळ्या दिवशी मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट इतर खतांबरोबर घट्ट द्रावणात एकत्र केलं की तळाशी पांढरा साका बसतो, आणि तो साका झाडाला मिळत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये रोज एकदा पानांच्या बगला पाहायच्या. खालचं पान देठाशी काळं पडून हलक्या ओढीनं हातात आलं तर ती काळी कूज. निरोगी भाग दिसेपर्यंत कापायचं, ब्लेड प्रत्येक कापानंतर ज्योतीवर धरायचं, जखमेवर दालचिनीची पूड लावायची. पूड मुळांवर सांडू देऊ नका, ती त्यांना कोरडं करते. नंतर मेटालॅक्सिल-मॅन्कोझेबचं मिश्रण लिटरला 2 ग्रॅम फवारायचं, हातमोजे घालून, आणि झाड चार-पाच दिवस पंख्याच्या वाऱ्यात कोरडं ठेवायचं. द्राक्षबागांच्या सवयीनं मोरचूद-चुन्याचं किंवा इतर ताम्रयुक्त औषध उचलू नका; डेंड्रोबियमला ते विशेष बाधतं. पानावर पाणी भरल्यासारखा डाग, एका दिवसात दुप्पट आणि घाण वास, ही जिवाणूंची कूज. तिथे बुरशीनाशकाचा उपयोग नाही. पान बुडापासून काढायचं आणि झाड वेगळं टांगायचं.

दर पावसाळ्याच्या तोंडी आणखी एक ‘स्वस्त माल’ दिसतो: घाटातल्या फांद्यांवरून ओरबाडलेली सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, कधी नारळाच्या करवंटीत, कधी बांबूच्या टोपलीत खोचलेली. मे-जूनचा तिचा बहर पाहून माणूस भुलतो. ती फुलं झाडाच्या जुन्या साठ्यावर आलेली असतात. सालीला चिकटलेली मुळं तुटल्यावर पुढच्या वर्षी त्यातलं फार थोडं उरतं. शिवाय सगळी ऑर्किड ‘साइट्स’ या रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्टांत आहेत, आणि राधानगरीसारख्या अभयारण्यातून रोप उचलणं हा गुन्हा आहे. सीतेची वेणी हवीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली मागा. 4 इंची सागवानी टोपली, मुळं मोकळी, पूर्वेचं ऊन. एकदा बसली की तिला हलवलेलं आवडत नाही. टोपली जुनी झाली, पट्ट्या भुसभुशीत लागल्या तरी तिला उपटायचं नाही. भिजवून मुळं मऊ करायची, जुनी तार कापायची आणि अख्खी 4 इंची टोपली तशीच 6 इंचीत बसवायची. आतली टोपली कुजून पडते, तोवर मुळांनी बाहेरची धरलेली असते.